मदत हवी आहे: भजनांच्या रेकॉर्डिंगचा आवाज एकसारखा कसा करायचा?

बाबांच्या भजनी मंडळाची ३४ भजनं माझ्याकडे आहेत. निम्मी जुन्या कॅसेटवरून लॅपटॉपवर उतरवलेली, बाकीची मोबाइलवर घेतलेली. सगळी पेन ड्राइव्हवर भरून गावी आत्याला द्यायची आहेत. तिला आता कमी ऐकू येतं, आणि दर भजनाला उठून स्पीकरचं बटण फिरवणं तिला होत नाही. कॅसेटवरचं भजन पुटपुटल्यासारखं वाजतं, पुढचं मोबाइलवरचं एकदम अंगावर येतं.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ‘अ‍ॅम्प्लिफाय’ (आवाज वाढवणं) करून पाहिलं. दोन डेसिबलच्या वर जाऊच देत नाही. नीट बघितल्यावर कळलं, टाळांचे ठोके आधीच वरच्या रेघेला टेकलेत आणि बाबांचा आवाज पार खाली राहिलाय. जबरदस्तीने वाढवलं तर टाळ फाटतात.

स्टुडिओचा खर्च झेपणारा नाही. फुकटात काही जमेल का? फक्त अभंगाची संथ सुरुवात आणि शेवटचा गजर यांतला चढ जाता कामा नये. बाबा तो चढ फार जपायचे.

प्रतिसाद १:
जमेल, ऑडॅसिटीतच. आधी मूळ फाइलींची प्रत बाजूला ठेवा आणि काम संपेपर्यंत डब्ल्यूएव्ही या फाइल प्रकारातच सेव्ह करा, एमपी३चा दर्जा दर वेळी सेव्ह करताना थोडा उतरतो. सगळी भजनं निवडून ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ लावा. तिथे -२३ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितका मोठा) आधीच भरलेलं असतं, ते टीव्ही प्रसारणाचं माप आहे. छोट्या स्पीकरसाठी -१६ करा. यात अख्खं भजन एकाच प्रमाणात वर जातं, म्हणून गजराचा चढ शाबूत राहतो. टाळ रेघेच्या वर गेलेले दिसतील, घाबरू नका. लगेच ‘लिमिटर’ -१ डेसिबलवर लावा, फक्त तेवढी टोकं खाली येतील. टाळ बोथट वाटले तर -१८ वर थांबा. कंप्रेसरला हात लावू नका, तो हळू आणि मोठा आवाज जवळ आणतो, नेमका तुमचा चढच खाईल.

धागाकर्ती:
खूप आभार! एका भजनावर केलं, बाबांचे शब्द स्वच्छ ऐकू आले. पण कॅसेटची खरखरही तेवढीच वर आली. ती आधी काढायची की नंतर?

प्रतिसाद १:
आधी. गाणं सुरू होण्यापूर्वीचा नुसत्या खरखरीचा सेकंदभराचा तुकडा निवडून ‘नॉइज रिडक्शन’ला नमुना द्या, मग पूर्ण भजनावर ६ डेसिबलच लावा. जास्त लावलंत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.