वेळ पाळणारे साहेब: तुमचे अनुभव

सकाळी बँकेत गेले होते. १०:२० झाले तरी काउंटर रिकामं, खुर्चीवर नुसती पर्स. आणि एकदम १९८९ आठवलं.

मी सेव्हिंग्जला नवीन क्लार्क, कर्जतहून यायचे. गाडी चुकली की पोटात गोळा. पण मॅनेजरसाहेब कधी बोलले नाहीत, मस्टरवर लाल रेघसुद्धा नाही. मी धापा टाकत पोचायचे तेव्हा तेच माझ्या जागी बसून, लेजर उघडून पितळी टोकनं देत असायचे. मला बघून उठायचे. "या, तेवीस नंबर झालाय." बास! लाल रेघ परवडली असती. तिसऱ्यांदा असं झालं आणि मी आधीची गाडी धरली, ती रिटायर होईपर्यंत.

तुम्हाला भेटलंय का असं कोणी?

सुमी_७१: नाइट संपवून बसलंय आणि ओव्हर घ्यायला कोणी येत नाही, हे नर्सलाच कळतं. आमच्या इनचार्ज सिस्टर आठच्या ड्युटीला साडेसातला यायच्या, कारण माझ्या लेकाची शाळेची बस ८:१० ला. आता मी इनचार्ज आहे, मीही साडेसातला. नवरा विचारतो, दवाखान्याचं कुलूप तूच काढतेस का? कुकर झाला, पळते.

बाबूराव_ऑनलाइन: आमचे साहेब वेळेवर यायचे, पण जायचेच नाहीत!! ते उठेपर्यंत आम्ही फायली चिवडत बसायचो. सरकारी लोकांची मजा, २०२० पासून शनिवारही सुट्टी.

लेटमार्क: कसली मजा? त्याबदल्यात ९:४५ ते ६:१५ झालं. विरारहून येऊन दाखवा.

निळू: मामेभाऊ दिल्ली मेट्रोत होता, २००२ मध्ये पहिली लाइन सुरू झाली तेव्हा. श्रीधरनसाहेबांनी ऑफिसात उलटी घड्याळं लावली होती, काम संपवायला किती दिवस उरले ते दाखवणारी. अजून लग्नाला गेला तरी हा मुहूर्ताआधी तासभर हजर. मांडववालेही आलेले नसतात.

सुमी_७१: तसलं घड्याळ सासूबाईंकडे आहे. आम्ही परत जायला किती दिवस उरले 😂

नेरळकर: ताई, कर्जतहून कुठली गाडी? मी नेरळला चढायचो, चौथी सीटही मिळायची नाही. साहेबांना नंतर कधी सांगितलंत का हे?

धागाकर्ती: सांगितलं ना, त्यांच्या निरोपाला. म्हणाले, "अहो, माझ्या केबिनचा पंखा बंद होता."