मदत हवी आहे: चौथीच्या मुलांना वाचता येत नाही, समितीच्या ठरावात जबाबदार कोणाला धरावे?

डोंगरवाट
जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक-सदस्य आहे. येत्या गुरुवारी समितीची बैठक असून मुलांच्या अभ्यासाबाबत ठराव मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. चौथीतील निम्म्याहून अधिक मुलांना त्यांच्याच पुस्तकातील उतारा वाचता येत नाही आणि हातच्याची वजाबाकी तर मोजक्याच मुलांना जमते. मुख्याध्यापक म्हणतात की पालक घरी लक्ष देत नाहीत, पालक म्हणतात की शिक्षक शिकवत नाहीत, आणि जवळपासच्या शाळांच्या केंद्रावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना विचारले की ते रिक्त पदांकडे बोट दाखवतात. या टोलवाटोलवीत वर्ष सरत चालले आहे. ठरावात दोषी म्हणून नेमके कोणाचे नाव घालावे आणि तो कोणाकडे पाठवावा, एवढेच कृपया सांगावे.

रोखठोक
यात विचारण्यासारखे काही नाही, शिक्षकांचे नाव घाला. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २४ नुसार नियमित व वेळेवर हजर राहणे, अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत पूर्ण करणे आणि प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता तपासून आवश्यक तेथे जादा शिकवणे ही शिक्षकाची कर्तव्ये आहेत, आणि त्यांत कसूर केल्यास सेवा नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. २००३ साली देशभर अचानक भेटी देऊन झालेल्या पाहणीत शासकीय प्राथमिक शाळांतील चारपैकी एक शिक्षक गैरहजर आढळला होता. वेतन वेळेवर घ्यायचे आणि मूल शिकले नाही की पालकांना दोष द्यायचा, हे थांबले पाहिजे.

फळा-खडू
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील गैरहजेरी १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाहिलेल्या राज्यांत सर्वांत कमी होती, हेही रोखठोक यांनी सांगायला हवे होते. आमचा प्रश्न शाळेत येण्याचा नाही, शाळेत आल्यावर वर्गात उभे राहायला मिळण्याचा आहे. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या शासकीय नोंदप्रणालीत भरायची शाळेची माहिती, तातडीने मागवलेले तक्ते आणि त्यावर मतदार यादीचे काम. कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता इतर अशैक्षणिक कामांना मनाई आहे. मतदार यादीच्या पुनरीक्षणाचे काम शिक्षकांना सुटीच्या दिवशी आणि अध्यापनाच्या वेळेबाहेर द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले आहे. प्रत्यक्षात काय होते, ते कोणत्याही शाळेत जाऊन पाहावे.

माजी_केंद्रप्रमुख
डोंगरवाट, तुमच्या प्रश्नात उत्तरासाठी लागणारी माहितीच नाही. शाळेचा पट किती? मंजूर पदे किती आणि प्रत्यक्षात शिक्षक किती? मुलांना वाचता येत नाही हे कोणी आणि कशावरून तपासले? त्याच मुलांच्या प्रगतिपत्रकांवर कोणत्या श्रेणी आहेत? एवढे कळल्याशिवाय कोणाचेही नाव सुचवणे अन्यायाचे होईल.

आईचे_मत
मी तर माझ्या मुलीला दुसरीतच काढून इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत घातले. समित्या आणि ठराव यांत मुलांची वर्षे वाया जातात. तुम्हीही तुमच्या मुलापुरता निर्णय घ्यावा, असे मनापासून सुचवते.

डोंगरवाट
ताई, मुलाला कोणत्या शाळेत घालू, हे मी विचारलेले नाही. आमच्या पाड्याजवळ दुसरी शाळा नाही, आणि असती तरी बाकीच्या मुलांचा प्रश्न उरतोच.

माजी केंद्रप्रमुख साहेब, पट ५८ आहे, वर्ग पहिली ते चौथी. पदे दोन मंजूर आणि दोन्ही भरलेली. एका गुरुजींकडे बीएलओचे, म्हणजे मतदार यादीचे काम आहे. वाचन मी स्वतः, मुख्याध्यापकांच्या परवानगीने, एकेका मुलाला जवळ बसवून तपासले. प्रगतिपत्रकांवर बहुतेकांना ब-१ आहे, दोघांना अ-२.

आकडेमोड
आईचे_मत यांच्या सल्ल्याबद्दल थोडे लिहितो, कारण असे अनेकांना वाटते. आंध्र प्रदेशात सोडत काढून काही ग्रामीण मुलांना खासगी शाळेचे शुल्क देण्यात आले आणि चार वर्षांनी त्यांची तुलना सोडतीत नाव न आलेल्या मुलांशी केली गेली. तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गट सारखेच निघाले. हिंदीत खासगी शाळांतील मुले पुढे होती, कारण शासकीय शाळांत तो विषय जवळजवळ शिकवलाच जात नव्हता. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च मात्र बराच कमी होता, हे शासकीय शाळांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी टाळू नये. पण शाळा बदलली म्हणून मूल आपोआप वाचू लागत नाही, इतके त्यातून नक्की दिसते.

रोखठोक
म्हणजे दोन्ही पदे भरलेली आहेत. रिक्त पदांची सबब येथेच संपली. आता तरी शिक्षकांचे नाव घालायला हरकत नसावी.

फळा-खडू
पदे भरलेली असली तरी चार वर्गांना दोन शिक्षक आहेत. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक, हा निकष कायद्याच्या अनुसूचीतच आहे. पहिलीला अक्षरे गिरवायला देऊन चौथीला भागाकार शिकवायचा, आणि दुसरे गुरुजी मतदार यादीच्या कामाला गेले की चारही वर्ग एकाच खोलीत. याला मी सबब म्हणू देणार नाही.

वाचनमित्र
गावोगावी मुलांचे वाचन तपासण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे. डोंगरवाट, मुले घरी कोणती भाषा बोलतात?

डोंगरवाट
पावरी. सातपुड्यात आमच्याकडे सगळेच बोलतात. याचा ठरावाशी काय संबंध?

वाचनमित्र
फार मोठा संबंध आहे, आणि हे पहिल्याच संदेशात आले असते तर वरची निम्मी चर्चा वेगळी झाली असती. ज्या मुलाने सहाव्या वर्षापर्यंत मराठी क्वचितच ऐकली, त्याला पहिल्याच दिवसापासून मराठीत अक्षरे, मराठीत सूचना आणि मराठीतच गणित मिळते. ते अक्षरे जोडून शब्द उच्चारतेही, पण त्या शब्दाला त्याच्या मनात अर्थ नसतो, म्हणून पुढचा शब्द त्याला अंदाजाने ओळखता येत नाही आणि वाचन अडखळते. शिकवण्याचे माध्यम शक्य तेथवर बालकाची मातृभाषा असावी, असे कलम २९ मध्येच म्हटले आहे. दोन्ही गुरुजींना पावरी येते का?

डोंगरवाट
एकाला थोडीफार समजते. दुसरे बदलून आलेले आहेत, त्यांना येत नाही.

काटेकोर
सर्वांच्या लक्षात एक मुख्य गोष्ट आलेली दिसत नाही. आठवीपर्यंत नापास करायचे नाही, हे धोरण आले तेव्हाच पाया ढासळला. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली, ते बरे झाले. भीती असल्याशिवाय मुले अभ्यास करत नाहीत.

माजी_केंद्रप्रमुख
काटेकोर, पाचवीची परीक्षा या मुलांना पाचव्या वर्षाच्या शेवटी एवढेच सांगेल की तुम्हाला वाचता येत नाही. ते दुसरीच्या दिवाळीपर्यंत कळले पाहिजे होते. शिवाय नापास न करण्याच्या तरतुदीबरोबर सातत्यपूर्ण मूल्यमापनाचीही तरतूद होती, ती आपण प्रामाणिकपणे पाळली नाही.

डोंगरवाट, तुम्ही दिलेल्या माहितीतील सर्वांत गंभीर गोष्ट प्रगतिपत्रकांची आहे. ज्या मुलाला उतारा वाचता येत नाही, त्याला ब-१, म्हणजे शंभरपैकी सत्तरहून अधिक गुण कसे मिळाले? खरी श्रेणी लिहिली तर शाळेकडे खुलासा मागितला जातो, आणि चांगली लिहिली तर कोणी विचारत नाही, म्हणून शिक्षक चांगली लिहितात. केंद्रप्रमुख तीच बेरीज करून पुढे पाठवतात, कारण केंद्र मागे पडलेले त्यांनाही नको असते. माझ्या सेवाकाळात मी अशा नोंदींचे ढीग पाहिले आहेत. मूल शिकले नाही याला भाषा, चार वर्गांचा भार आणि गरिबी अशी अनेक कारणे असतील, पण ते शिकले नाही हे लपवले गेले, याला माणसे जबाबदार आहेत, आणि त्यांत गुरुजींबरोबर त्यांच्यावरचे अधिकारीही येतात. ठरावात बोट ठेवायचेच असेल तर येथे ठेवा.

रोखठोक
हे मला पटते. मात्र अधिकाऱ्यांचे नाव घेऊन गुरुजींना मोकळे सोडू नये.

माजी_केंद्रप्रमुख
मोकळे सोडा असे मी म्हटलेले नाही. ज्याच्या हातात जे काम होते, त्याला त्या कामाचा जाब विचारावा. अर्ध्या वर्गाला वाचता येत नसल्याचा जाब पालकांना विचारता येत नाही, आणि मतदार यादीच्या कामाचा जाब गुरुजींना विचारता येत नाही.

वाचनमित्र
दोष ठरेपर्यंत मुलांना थांबवू नये, म्हणून एक उपाय सांगतो. मुंबई आणि वडोदरा येथे या शतकाच्या सुरुवातीला मागे पडलेल्या मुलांना रोज काही वेळ वर्गाबाहेर नेऊन, स्थानिक तरुणींकडून त्यांच्या पातळीचे शिकवण्याचा प्रयोग झाला आणि त्यांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्या अभ्यासात होते, त्यांना पुढे २०१९ चे नोबेल मिळाले. तुमच्या शाळेत तिसरी-चौथीची मुले इयत्ता विसरून अक्षर, शब्द आणि उतारा अशा गटांत रोज तासभर बसवता येतील. पाड्यावरची बारावी झालेली, पावरी बोलणारी एखादी मुलगी मदतीला मिळाली तर उत्तमच. मुलांचे वाचन व गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतातील शासकीय शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, ती २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. आकडा अजून लाजिरवाणा आहे, पण प्रयत्न केला तर तो हलतो.

डोंगरवाट
ठरावाचा मसुदा असा केला आहे. प्रत्येक मुलाचे वाचन आणि वजाबाकी समितीसमोर तपासून खरी पातळी नोंदवावी आणि ती प्रगतिपत्रकावरील श्रेणीशेजारी लिहावी. श्रेणी कशाच्या आधारे दिल्या, याचा लेखी खुलासा मुख्याध्यापकांनी आणि केंद्रप्रमुखांनी द्यावा. बीएलओचे काम अध्यापनाच्या वेळेत देऊ नये, असे तहसीलदारांना कळवावे. पावरी येणारा शिक्षक किंवा मानधनावर मदतनीस मिळावा. व्यक्तीचे नाव कोठेही घातलेले नाही. आता हा पाठवायचा कोणाला?

माजी_केंद्रप्रमुख
गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. सोबत कलम ३२ खाली स्वतंत्र लेखी तक्रार जोडा, कारण तशा तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय देणे बंधनकारक आहे आणि तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. शेरा मारलेली, तारखेची पोच हातात घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

फळा-खडू
मदतनीसाची मागणी कलम २२ च्या शाळा विकास योजनेतही लिहून ठेवा, ती योजना तयार करणे समितीचेच काम आहे. आणि कृपया बैठकीआधी दोन्ही गुरुजींना मसुदा दाखवा. खरी श्रेणी लिहिली म्हणून त्यांच्यावर कारवाई होऊ नये, असे एक वाक्य त्यात असेल तर तपासणीच्या दिवशी तेच तुमच्या शेजारी बसतील.

डोंगरवाट
ते वाक्य घालतो. उद्या सकाळी शाळेत जाऊन दोघांनाही मसुदा वाचून दाखवीन.