गिटार खरी वाटायला हवी असेल तर

एकाने विचारलंय, कॉम्प्युटरवर कीबोर्डने गिटारचा आवाज काढायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, अँपल गिटार एम की सेशन गिटारिस्ट? कोथरूडच्या माझ्या खोलीत मी दोन्ही वापरतो. भावगीतामागे नुसतं स्ट्रमिंग (सगळ्या तारा एका झटक्यात छेडणं) हवं असेल तर सेशन गिटारिस्टमधलं 'स्ट्रम्ड अकूस्टिक' पुरे. त्यात खऱ्या वादकाने वाजवलेले पॅटर्न आहेत, कीबोर्डवर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दाबली की झालं. सुटे सूर, हॅमर-ऑन (तार पुन्हा न छेडता बोट आपटून काढलेला सूर), स्लाइड (बोट तारेवर घसरवत नेलेला सूर) हवे असतील तर मात्र अँपलच. त्यातला मार्टिन डी-४१ या गिटारचा आवाज मला फार आवडतो. आधी त्याची फुकटची लाइट आवृत्ती लावून बघा.

आणि कळकळीने सांगतो, पियानोसारखे तीन सूर जवळजवळ दाबू नका. गिटारवर ई मेजर कॉर्ड सहा तारांवर पसरते: ई, बी, ई, जी शार्प, बी, ई. सॉफ्टवेअरमध्ये नोट्स (सूर) एकेक करून हाताने भरत असाल तर तसंच भरा, आणि प्रत्येक तार आधीच्या तारेपेक्षा १०-२० मिलिसेकंद उशिरा सुटू द्या.