एचआयव्ही कायदा : शंभर माणसांची अट काढायची की ठेवायची?

सातरस्ता
एक दुरुस्ती मांडतो, फोडून काढा. एचआयव्ही-एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला, १० सप्टेंबर २०१८ला लागू झाला. कलम ३ प्रमाणे एचआयव्ही आहे म्हणून नोकरी, उपचार, शाळा, भाड्याची खोली नाकारता येत नाही. कलम २० आणि २१ मिळून म्हणतात, आस्थापनेत १०० किंवा जास्त माणसं असली तर तक्रार अधिकारी नेमा. दवाखान्यांसाठी हाच आकडा २०.

आता सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेल-चादरीची शेड डोळ्यांसमोर आणा. वार्पिंगवाला, जॉबर, कांडी भरणाऱ्या बाया, माग चालवणारे सगळे धरले तरी बहुतेक ठिकाणी शंभरी भरत नाही. विडीचं तर आणखी अवघड. बाई पान-तंबाखू घरी नेते, विड्या वळून आणून देते. तिला कुठल्या आस्थापनेत मोजणार? म्हणजे ज्या धंद्यांवर निम्मं सोलापूर जेवतं, तिथे तक्रार घ्यायला माणूसच नाही.

माझी मागणी : आकडा १० करा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात १० माणसांपासून अंतर्गत समिती लागते आणि त्याहून लहान जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तोच साचा इथे लावा.

बाराशेड
वकीलसाहेब, मालकाच्या बाजूनं बोलतो, रागावू नका. आधी एक गोष्ट. कलम ३ 'कोणतीही व्यक्ती' असं म्हणतं. कामगार दोन असोत की दोनशे, बंदी सगळ्यांना आहे. राज्यानं नेमलेल्या लोकपालाकडे (या कायद्यातला लोकपाल वेगळा, दिल्लीतला नव्हे) लहान शेडमधला कामगारही जाऊ शकतो. त्यामुळे कायद्यात भोक आहे असं चित्र उभं करू नका.

आता खरा मुद्दा. १५ माणसांच्या शेडमध्ये तक्रार अधिकारी कोण होणार? दिवाणजी, नाहीतर मालकाचा भाचा. सकाळपाळीला तक्रार दिली की रातपाळीपर्यंत शेजारच्या चार शेडना कळलेलं असतं. माहिती गुप्त ठेवा म्हणून कलम ११ कितीही सांगू दे, मागाच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागलेल्या माणसांना कुजबुजता येत नाही. तुमची सुधारणा कामगाराचं नाव चव्हाट्यावर आणेल.

सातरस्ता
दिवाणजीचा मुद्दा मान्य. मग लहान जागांसाठी फक्त स्थानिक समिती धरू.

पण 'बंदी सगळ्यांना आहे' यावर थांबू नका, पुढे वाचा. द्वेष पसरवणाऱ्याला (कलम ४) तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड. नोकरीवरून काढणाऱ्याला थेट शिक्षा काय? काही नाही. कामगारानं लोकपालाकडे जायचं, त्यानं ३० दिवसांत आदेश द्यायचा, आणि तो आदेश मालकानं मोडला तरच १०,००० पर्यंत दंड, मोडतच राहिला तर दिवसाला ५,००० पर्यंत. हातावर पोट असणारा माणूस त्या ३० दिवसांत दुसरं काम धरतो किंवा गाव सोडतो. तक्रार तिथेच मरते. आदेशाच्या आधीच मजुरी चालू ठेवण्याची तरतूद हवी, मला दंडापेक्षा ती महत्त्वाची वाटते.

टाकादोरा
शेड सोडा, दवाखान्यावर या. ऑपरेशनआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची करायला कायद्यानं मुभा द्यावी. आज उपचारासाठी तपासणीची अट घालता येत नाही आणि कलम ५ प्रमाणे माहिती देऊन संमती घ्यावी लागते. सुई टोचली तर धोका सर्जनला आणि नर्सला. त्यांना आधी कळायला नको?

हिरवंपुस्तक
डॉक्टर, कळून करणार काय? विंडो पिरियडमध्ये, म्हणजे लागण झाल्यापासून पहिले काही आठवडे, रॅपिड टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. नेमका त्याच काळात विषाणू रक्तात भरपूर असतो. उलट एचआयव्हीवरची टीएलडीची गोळी (टेनोफोविर ३००, लॅमिवुडिन ३००, डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम) रोज घेणाऱ्या, विषाणूभार (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेल्या पेशंटकडून धोका फारच कमी. म्हणजे तुम्ही पॉझिटिव्हला दोन हातमोजे घालून हात लावणार आणि विंडोतल्या माणसावर निर्धास्त टाके घालणार.

एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याचं प्रमाण सुमारे ०.३ टक्के. हिपॅटायटिस बी चं, लस न घेतलेल्यात, ६ ते ३० टक्के. किती नर्सिंग होम स्टाफच्या हिपॅटायटिस लसीचे तिन्ही डोस पूर्ण करून घेतात ते आधी विचारा. प्रत्येक पेशंट पॉझिटिव्ह धरूनच काळजी घ्यायची असते. एकदा ती घेतली की 'एचआयव्ही किट' म्हणून बिलात वेगळे पैसे लावायला जागा उरत नाही, आणि काही ठिकाणी सगळी चिडचिड त्याचीच असते.

टाकादोरा
लसीचं मान्य, ती आमची चूक. पण रात्री दोनला सुई टोचली तर पीईपीची, म्हणजे लागण रोखायला लगेच घ्यायची गोळी लहान दवाखान्यात असते का? पहिला डोस शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, मग २८ दिवसांचा कोर्स. माणूस सिव्हिल हॉस्पिटलला धावणार, तिथे केसपेपर काढणार, मग गोळी.

हिरवंपुस्तक
म्हणूनच कलम १९ मध्ये ती जबाबदारी आस्थापनेवर टाकली आहे : सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण, पीईपी. पहिले दोन-तीन डोस कपाटात ठेवा, एक्स्पायरी तारीख बाहेर मोठ्या अक्षरात लिहा आणि चावी रातपाळीच्या नर्सकडे द्या. बहुतेक वेळा गोळी असते, चावी मॅनेजरच्या घरी असते. यासाठी पेशंटची सक्तीची तपासणी कशाला?

चाटीगल्ली
थोडं विषयांतर. २०१९ला वैयक्तिक कायद्यांत दुरुस्ती होऊन कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण उरलं नाही. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये 'संसर्गजन्य स्वरूपाचा गुप्तरोग' अजून आहे आणि त्याच दारातून एचआयव्ही कोर्टात आणला जातो. तेही काढा.

बाराशेड
याला माझा ठाम विरोध. लग्नाआधी लपवलं तर जोडीदाराला बाहेर पडता आलं पाहिजे.

सातरस्ता
लपवणं ही फसवणूक, तिची दाद वेगळ्या कलमानं मागता येते. इथे आजार हेच कारण धरलं जातं. शिवाय लग्नानंतर नवऱ्याकडूनच लागण झालेल्या बाईविरुद्ध नवराच हे कलम वापरू शकतो, त्याचं काय? औषधानं विषाणूभार दबल्यावर 'संसर्गजन्य स्वरूप' राहतं का, हा वाद प्रत्येक जोडप्यानं स्वतःच्या खर्चानं लढायचा हे काही खरं नाही.

हिरवंपुस्तक
आणि जोडीदाराला अंधारात ठेवा असं कुणी म्हणत नाहीये. कलम ९ मध्ये डॉक्टर किंवा समुपदेशकाला सांगता येतं, मात्र आधी त्या व्यक्तीला स्वतः सांगायची संधी द्यायची. बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल तर सांगायचं नाही.

बाराशेड
ठीक, ते कोर्टवाल्यांनी बघावं. मूळ मुद्द्यावर : स्थानिक समिती चालेल, पण कामगारानं कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या चढायला नकोत. तिथेही ओळखीचा कुणीतरी भेटतोच. एआरटी केंद्रातल्या (जिथून एचआयव्हीची औषधं मिळतात) समुपदेशकाकडेच तक्रार लिहून घ्या, औषध न्यायला गेलं की तो भेटतोच. सुनावणीत टोपणनाव वापरायची सोय कायद्यात आहे, ती तक्रारीच्या पहिल्या कागदापासून लावा.

सातरस्ता
हे माझ्या मसुद्यापेक्षा बरं आहे, घेतलं. आता कलम ३ मधला अपवाद. कामावरून काढायचं तर दोन कागद द्यावे लागतात : या माणसामुळे इतरांना लक्षणीय धोका आहे किंवा तो कामाला असमर्थ आहे असं सक्षम, स्वतंत्र डॉक्टरचं लेखी मूल्यांकन, आणि त्याच्यासाठी कामात सोय करणं मालकाला प्रशासकीय किंवा आर्थिकदृष्ट्या का झेपत नाही याचं लेखी निवेदन. मागावर धोटा फिरवताना, कांडी बदलताना एचआयव्ही पसरत नाही, तेव्हा धोक्याचा भाग यंत्रमागाला लागूच होत नाही. उरतं 'असमर्थ'. मालकाच्या नेहमीच्या डॉक्टरला 'स्वतंत्र' धरायचं का? मी म्हणतो, मूल्यांकन फक्त सरकारी रुग्णालयातूनच व्हावं.

बाराशेड
चालेल. पण तपासणीच्या दिवसाची कामगाराची मजुरी कोण देणार, ते मसुद्यात आधी लिहा.