मदत हवी आहे: सहवीज प्रकल्पाच्या धुराचे आणि राखेचे आकडे कुठं बघायचे? (चिमण्या दोन, राज्यं दोन)

शाळूचं_कणीस

मंडळी नमस्कार,

गाव कर्नाटकातल्या चिकोडी-निपाणी पट्ट्यात, महाराष्ट्राच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारखान्याचंही नाही. ऊस तिथंच घालायचा असतो, समजून घ्या.

आमच्या गच्चीवरून दोन चिमण्या दिसतात. एक कर्नाटकातली, एक महाराष्ट्रातली. दोन्हीकडं सहवीज प्रकल्प आहे. बगॅस (रस काढून उरलेला उसाचा चोथा) जाळून वीज करायची, कारखान्याला लागते तेवढी वापरायची, उरलेली विकायची. त्याबद्दल तक्रार नाही, आमच्या मोटरीपण विजेवरच चालतात. तक्रार काजळीची आहे.

परवा आईनं कुरडया घातल्या. जुनं पांढरं धोतर अंथरून, चार कोपऱ्यांना दगड ठेवून. दुपारी वर जाऊन बघतो तर प्रत्येक कुरडईवर काळे ठिपके. फुंकर मारून उडत नाहीत, कारण कुरडई ओली. बोटानं उचलायला गेलं की चुरा होतो आणि ठिपक्याचा फराटा होतो. पन्नासेक कुरडया म्हशीच्या पाटीत गेल्या. आई काही बोलली नाही, धोतर झटकलं आणि खाली गेली.

तेव्हापासून मी एक उद्योग चालवलाय. स्टीलच्या ताटलीला खोबरेल तेलाचं बोट फिरवून रात्री गच्चीवर ठेवतो आणि सकाळी फोटो काढतो. आठ रात्री झाल्या. आठही सकाळी ताटली काळी, कधी कमी कधी जास्त.

अलीकडच्या कारखान्यात विचारलं तर म्हणाले, "पलीकडची असणार." पलीकडं पाहुण्यांकरवी विचारलं तर उत्तर आलं, "तुमच्याकडचीच हाय ती." मग एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी नीट बसवून विचारलं, काय पाहिजे? मी म्हटलं, प्रदूषणाची माहिती. ते म्हणाले, "कुठली? कागदाचं नाव सांगा." मला सांगता येईना. चहा पिऊन परत आलो.

तर मदत हवी आहे ती अशी. चिमणीतून किती धूळ जाते, बॉयलरची राख किती निघते आणि ती जाते कुठं (आमच्या ओढ्याच्या काठाला एक काळा ढीग दर वर्षी वाढतोय), हे कुठल्या कागदात असतं? तो कागद आपल्यासारख्याला बघायला मिळतो का? कुठल्या राज्याकडं मागायचा? आणि अर्ज मराठीत चालतो का? माझं कन्नड बोलण्यापुरतं आहे, लिहायला बसलो की घाम फुटतो.

---

फड_मुकादम

दादा, आधी काजळी कशाची ते बघा. आता फड पेटवून तोडायची पद्धत लई वाढलीय. पाचटाची राख लांबट असते, पानाच्या चिंधीसारखी. बगॅसची बारीक, आखूड तूस जळाल्यासारखी. ताटलीत काय दिसतंय?

---

शाळूचं_कणीस

दोन्ही दिसतंय. लांबट चिंध्या दोनच सकाळी होत्या, त्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारचा फड पेटवलेला होता हे खरं. बारीक काळं मात्र रोजचं आहे.

---

लॅबवाले_काका

मी बरीच वर्षं एका कारखान्याच्या लॅबमध्ये काढली (तुमच्यापैकी कुठलाच नाही). ज्या कागदांची नावं तुम्हाला सांगता आली नाहीत त्यातले काही मी स्वतः भरलेत.

पहिला कागद फॉर्म ५, म्हणजे पर्यावरण विवरणपत्र. ज्याला प्रदूषण मंडळाची संमती लागते त्या प्रत्येक उद्योगानं दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत मागच्या आर्थिक वर्षाचा हा फॉर्म मंडळाला द्यायचा असतो. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६, नियम १४. त्यात भाग असतात. 'सी' मध्ये हवेत आणि पाण्यात काय सोडलं, 'डी' मध्ये घातक कचरा, 'ई' मध्ये घनकचरा. तुमचा ओढ्याकाठचा ढीग त्या 'ई' भागात असायला पाहिजे. किती निघाला, किती पुन्हा वापरला, किती टाकला, सगळे रकाने आहेत. मागच्या वर्षाचा आकडा आणि यंदाचा शेजारी-शेजारी लिहायचा असतो.

दुसरा, संमतीपत्र, म्हणजे कारखाना चालवायची मंडळाची परवानगी. कर्नाटकात त्याला सीएफओ म्हणतात. चिमणी किती उंच, धुळीची मर्यादा किती, राखेचं काय करायचं, हे अटींमध्ये लिहिलेलं असतं. साखर कारखान्यांसाठी २०१६ साली केंद्रानं जी मानकं काढली त्यात चिमणीतल्या धुळीची मर्यादा दर घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे. तुमच्या कारखान्याच्या संमतीपत्रात याहून कडक आकडा असला तर तो लागू.

तिसरा कागद सगळ्यात सोपा, आणि तोच लोक विसरतात. गाळप क्षमता रोज ५,००० टनांवर नेणाऱ्या कारखान्याला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. मंजुरी असली की दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा सहामाही अहवाल द्यायचा. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) अधिसूचनेतच लिहिलंय की हे अहवाल सार्वजनिक कागद आहेत. केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर जा, राज्य, जिल्हा टाका, कारखान्याच्या नावानं शोधा. मंजुरीचं पत्र तरी मिळेलच. विस्तारासाठी जनसुनावणी झाली असेल तर ईआयए अहवालाचा मसुदा तेव्हा डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात आणि ग्रामपंचायतीतही ठेवलेला असणार. पीडीओंना (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना) कपाट उघडायला सांगा. नकाशात तुमचं गाव आणि वाऱ्याची दिशा दोन्ही सापडेल.

आता थोडा हिशेब. एक टन उसातून साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतं. रोज ५,००० टन गाळप असेल तर १,४०० ते १,५०० टन बगॅस. सगळं जाळलं आणि राख दोन टक्के धरली तर रोज २८ ते ३० टन राख. ही राख कुठं तरी जातेच. काही शेतकरी नेतात, त्यात पालाश असतं, शेताला वाईट नाही. पण नेण्यानं हिशेब जुळतोय का ते 'ई' भागात बघा. आणि ओढ्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्या मोजा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

चिमणीला ऑनलाईन मीटर असतो. साखर उद्योग अतिप्रदूषक १७ प्रकारांत येतो, त्यामुळं आकडे सतत मंडळाच्या सर्व्हरला जातात. मागताना "धुळीचा १५ मिनिटांच्या सरासरीचा तक्ता, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत" असं मागा. नुसतं "धुराची माहिती द्या" म्हटलं की कुणीही "कुठली?" म्हणणार. तो साहेब बरोबर बोलला तुम्हाला.

---

काळा_कोट_खानापूर

काकांनी कागद सांगितले, मी अर्ज सांगते.

कारखाना खाजगी किंवा सहकारी आहे, त्याला आरटीआय (माहितीचा अधिकार) कुठं लागू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. अर्ज कारखान्याला करायचाच नाही, मंडळाला करायचा. मंडळाला कायद्यानं जी माहिती कारखान्याकडून घेता येते ती सगळी 'माहिती'च्या व्याख्येत बसते.

कर्नाटकात एक खोच आहे. इथल्या नियमांप्रमाणं अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. तुम्ही वर जे लिहिलंय ते तसंच्या तसं दिलंत तर कुरडयांवरच शब्द संपतील. फॉर्म ५ चा एक अर्ज, मीटरच्या आकड्यांचा दुसरा, संमतीपत्राचा तिसरा. प्रत्येकाला १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

भाषेचं. हा विषय आपल्याकडं जिव्हाळ्याचा आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. आरटीआय कायद्याच्या कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं आहे. म्हणजे कर्नाटकात मराठी अर्ज अडवायला त्यांना कारण मिळतं. घटनेच्या कलम ३५० नं गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क दिलाय, पण ते गाऱ्हाण्यासाठी. तेव्हा माहितीचा अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत द्या, सोबत तक्रार म्हणून वेगळं पत्र मराठीत द्या आणि पोच घ्या. मराठीचा लढा वेगळ्या फाईलवर लढू, काजळीच्या फाईलवर नको.

पलीकडच्या चिमणीसाठी मात्र बिनधास्त मराठीत लिहा. महाराष्ट्राच्या मंडळाकडं अर्ज करायला तिथलं रेशनकार्ड लागत नाही, भारताचा नागरिक असलं की झालं. ऑनलाईनही होतो. त्यांच्या साईटवर दिलेली संमतीपत्रंही चढवलेली असतात, आधी ती बघा.

आणखी एक. हवा कायदा, १९८१, कलम ५१. संमती दिलेल्यांचं आणि त्यांच्या मर्यादांचं एक रजिस्टर मंडळानं ठेवायचं असतं आणि ज्याला त्याचा त्रास पोचतो त्याला ते कामाच्या वेळेत बघता येतं. यासाठी आरटीआयपण नको. जाताना कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या.

---

सीमेवरचा_सुभ्या

फ्लाय अॅशची ती अधिसूचना आहे ना, राख १०० टक्के वापरायची सक्ती, टनाला १,००० रुपये दंड? ती लावा की त्यांच्यावर.

---

लॅबवाले_काका

सुभ्या, ती ३१ डिसेंबर २०२१ ची. कोळसा आणि लिग्नाइट जाळणाऱ्यांसाठी आहे, बगॅसला लागत नाही. कुडगीचं एनटीपीसी (२,४०० मेगावॅट), रायचूर, बळ्ळारी ही कोळशाची वीजकेंद्रं तिच्यात येतात. त्यांच्या राखेचे प्रकल्पवार आकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरण अहवालात छापतं, घरबसल्या मिळतात. पूर्ण देशात २०२०-२१ मध्ये २३ कोटी टनांवर राख निघाली होती, त्यातली ९२ टक्के वापरली असं त्यांचा अहवाल सांगतो.

पण तू नकळत एक चांगला मुद्दा काढलास. त्या अधिसूचनेत सहवीज केंद्रंसुद्धा धरलीत. हंगाम संपल्यावर एखादा कारखाना कोळसा टाकून टर्बाइन चालू ठेवत असेल तर ती राख या नियमात येते. शाळूचं_कणीस, मे महिन्यात चिमणी बघा. उसाचं कांडं नाही आणि धूर आहे, तर जळतंय काय?

---

डेट्रॉईटचा_पाहुणा

मूळ गाव संकेश्वर. इकडं अमेरिकेत पिनकोड टाकला की परिसरातला प्रत्येक मोठा कारखाना कुठलं विषारी रसायन किती पौंड सोडतो ते एका साईटवर दिसतं. १९८६ चा कायदा, कोळशा-तेलावरची वीजकेंद्रं १९९८ पासूनच्या आकड्यांत धरली. गंमत म्हणजे (गंमत कसली) तो कायदा आला तो भोपाळमुळं. माणसं आपली मेली आणि यादी यांना मिळाली.

---

फड_मुकादम

पाहुणं, हिकडं पीडीओचं कपाट उघडेना, तुम्ही पिनकोड सांगताय 😄

---

काळा_कोट_खानापूर

विसरले होते. ताटलीच्या फोटोंना तारीख-वेळ आहे ना? सोबत वारा कुठून होता तेही वहीत लिहा, अगरबत्तीचा धूर बघून लिहिलं तरी चालेल. पुढं हरित लवादाची वेळ आलीच तर कर्नाटकासाठी चेन्नईचं खंडपीठ आणि महाराष्ट्रासाठी पुण्याचं. चिमणी कुठली ते आधी ठरवावं लागेल.

---

शाळूचं_कणीस (दोन महिन्यांनी)

मंडळी, उशीर झाला, ऊसतोडीत अडकलो होतो.

रजिस्टर बघायला गेलो. कलम ५१ ची चिठ्ठी पुढं केली. या वेळी "कुठली माहिती?" असं कुणी विचारलं नाही. मर्यादा उतरवून घेतली.

पलीकडचा मराठी अर्ज २६ व्या दिवशी फळाला आला, फॉर्म ५ च्या तीन वर्षांच्या प्रती मिळाल्या. अलीकडच्या तीन अर्जांपैकी एकाला, फॉर्म ५ च्या, उत्तर आलं, बाकी दोन अर्जांचं अपील घातलंय, दोन्ही १५० शब्दांच्या आत. भाचीनं इंग्रजीत लिहून दिले.

वहीचं सांगतो. वारा पश्चिमेचा असताना ताटली काळी झाली अशा सकाळी अकरा, पूर्वेचा असताना नऊ. म्हणजे दोघंही खरं बोलत होते, एकमेकांबद्दल.

आता काकांना प्रश्न. एका कारखान्याच्या फॉर्म ५ मध्ये 'ई' भागात मागच्या वर्षीची राख आणि यंदाची राख शेवटच्या अंकापर्यंत एकच आहे. त्याच्या आदल्या वर्षीचीही तीच. 'बी' भागात गाळप मात्र तिन्ही वर्षी वेगळं, आणि एका वर्षी तर पुरामुळं बरंच कमी. असं होऊ शकतं का?

---

लॅबवाले_काका

होऊ शकतं. ३० सप्टेंबर तोंडावर आलेला असतो, लॅबमध्ये माणूस एक, मागच्या वर्षीची फाईल कॉम्प्युटरवर उघडी असते. मीही एका वर्षी केलंय.

तिन्ही प्रती आणि गाळपाचे आकडे एका पानावर शेजारी-शेजारी मांडा आणि मंडळाला पत्र द्या की हा रकाना तपासावा. पत्र मराठीत लिहा, पलीकडचंच आहे ना?

---

शाळूचं_कणीस

नाही काका. अलीकडचं.

---

काळा_कोट_खानापूर

मग गाऱ्हाणं आहे. कलम ३५०. मराठीतच लिहा, मी टाइप करून देते.