नाना शंकरशेठ नुसते सरकारचे मानकरी होते का?

गिरगावकर:
काल इथे कुणी लिहिलं, ‘मुंबई सेंट्रलला नाना शंकरशेठांचं नाव कशाला? सरकारने नेमलेला शेठ, कधी निवडणूक लढवली का?’ वाचून झोप उडाली. अहो, नाना 1862 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले तेव्हा सगळेच सभासद नेमलेले असायचे! निवडणुकीची आडवाट 1892 च्या कायद्याने निघाली, नाना 1865 मध्येच गेले. आणि कौन्सिलात आपली माणसं घ्या, हा अर्ज पार्लमेंटकडे धाडणारी बॉम्बे असोसिएशन 1852 ची. अध्यक्ष नानाच!

सडेतोड:
ते माझंच वाक्य. अर्ज करणं म्हणजे लढणं नव्हे. जमीनजुमला आणि पेढी सांभाळून केलेलं राजकारण ते.

गिरगावकर:
गिरगावाजवळचं सोनापूरचं स्मशान लांब हलवायचा घाट सरकारने घातला तेव्हा आडवं कोण आलं? गिरगावातल्या गरिबाने खांद्यावर तिरडी घेऊन तिथवर चालायचं होतं. त्यात पेढीचा काय फायदा?

शाळामास्तरीण:
खरी झुंज तर बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये, म्हणजे सरकारच्या शिक्षण मंडळात झाली. मंडळाचे अध्यक्ष न्यायमूर्ती पेरी, त्यांना वरचं शिक्षण इंग्रजीतूनच हवं होतं. 1847 साली नानांनी लेखी विरोध केला, ज्ञान सगळ्यांपर्यंत न्यायचं तर देशी भाषेतूनच.

लालबागचा:
झालं सुरू! मी मराठी शाळेतला, वडील गिरणीत. पहिल्या मुलाखतीत साहेबाने इंग्रजीत विचारलं आणि माझी जीभ टाळूला चिकटली. उत्तर येत होतं हो! मुलीला इंग्रजीत घातलं, त्याची मला लाज नाही.

शाळामास्तरीण:
तुम्हाला इंग्रजी नीट शिकवली नाही, त्याचा राग मराठीवर का काढता? 22 वर्षं शिकवतेय. यंदा पहिलीच्या हजेरीपटावर चार नावं. उरलेले बाक भिंतीशी एकावर एक रचलेत, मुलं त्यावर दप्तरं ठेवतात.

लालबागचा:
बाई, बाक भरायला माझीच पोर का?

सडेतोड:
माध्यमाचा विषय कुणी काढला इथे?

गिरगावकर:
नानांनी काढला, 1847 मध्ये. त्यांच्या नावाची मॅट्रिकची संस्कृत शिष्यवृत्ती आमच्या आजोबांची थोडक्यात हुकली. मरेपर्यंत बोलायचे त्याबद्दल. 1912 साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली होती.

सडेतोड:
आजोबा हा पुरावा नाही. पण निवडणुकीचं माझं वाक्य चुकलं, मागे घेतो. पेरींसमोरचा लेखी विरोध मला ठाऊक नव्हता. स्टेशनच्या नावाला मात्र विरोध कायम. एखाद्या मराठी शाळेला द्या, तिथे शोभेल.

शाळामास्तरीण:
आमच्या शाळेला द्या. पण आधी जूनमध्ये पहिलीत दहा मुलं आणून बसवा.

लालबागचा:
माझी येणार नाही. भावाच्या मुलाचं विचारतो. कबूल केलेलं नाही, फक्त विचारतो.