फोटोथेरपी युनिट किनाऱ्यावर दोन पावसाळ्यांत खराब होतं: खोकं सीलबंद करावं की दुसरं काही?

निळादिवा:
नमस्कार मंडळी. नवजात बाळांच्या काविळीसाठीचं एलईडी फोटोथेरपी युनिट आहे, अजून नमुना अवस्थेत. दिव्याचं डोकं दोन मिमी ॲल्युमिनियम पत्र्याचं, पावडर कोटिंग केलेलं. खाली पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक पॅनेल, ३०४ स्टीलच्या स्क्रूंनी कसलेलं. २३० व्होल्टचा पॉवर सप्लाय डोक्यातच, थंड ठेवायला एक पंखा, पुढे मेंब्रेन कीपॅड (पातळ थरांची सपाट बटणपट्टी), पायाला एमएस (साध्या लोखंडी) पाइपचा चाकांचा स्टँड.

पुण्यातल्या नमुन्यांना तीन वर्षांत काही झालेलं नाही. तेच मालवण-देवगड पट्ट्यात, समुद्रापासून दीड किलोमीटरच्या आत ठेवलेल्या दोन नमुन्यांची दोन पावसाळ्यांनंतर ही अवस्था आहे: प्रत्येक स्क्रूभोवती रुपयाएवढ्या गोलात रंग फुगलाय, खाली पांढरी भुकटी. पॅनेलला स्क्रूच्या भोकांपासून केसासारखे तडे. कीपॅडचं टायमरचं बटण न दाबताच लागतं. चाकं फिरत नाहीत. बाळाच्या पातळीवर निळ्या प्रकाशाची तीव्रता ३५ मायक्रोवॅट प्रति चौ. सेंमी प्रति नॅनोमीटर मिळत होते, ते २४ वर आलेत. निकड असलेल्या बाळाला किमान ३० लागतात, त्यामुळे हे नुसतं दिसण्यापुरतं राहिलेलं नाही.

सगळं आयपी६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाणारं) करून टाकावं का? आणि स्टील ३१६ घेतलं की भागेल का?

खारावारा:
आधी कारण बघू, म्हणजे पैसा योग्य जागी जाईल. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. पुण्यात वर्षातले कितीतरी महिने हवा त्याच्या खाली असते. मीठ बसलं तरी कोरडं राहतं आणि कोरडं मीठ फारसं काही करत नाही. कोकणात पावसाळाभर आणि एरवीही बहुतेक रात्री हवा ७५ च्या वर. दुपारी खारं वारं मीठ आणून टाकतं आणि रात्री त्याचा ओला थर होतो. तुमच्या यंत्रावर पाऊस पडत नाही, पण ते रोज रात्री खाऱ्या पाण्यात उभं असतं.

यातून दुसरी गोष्ट निघते, ती फार जण विसरतात. चालू यंत्र कमी गंजतं. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत पृष्ठभाग फक्त पाच अंशांनी गरम राहिला तरी त्याला लागून असलेल्या हवेची आर्द्रता ६४-६५ टक्क्यांवर येते. गंजतं ते कोपऱ्यात बंद ठेवलेलं. आत छोटा हीटर देण्याचा मोह होईल, पण भिंतीवरचं बटण बंदच केलं जाणार, त्यामुळे बंद यंत्र धरूनच डिझाइन करा.

आता स्क्रू. ती पांढरी भुकटी ॲल्युमिनियमची आहे, स्क्रूची नाही. स्टील आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. भोकाच्या काठावर पावडर सर्वांत पातळ बसते आणि स्क्रू कसताना ती सोलली जाते, सुरुवात तिथून. म्हणजे नुसतं ३१६ घेऊन हे थांबणार नाही. स्क्रू चकाचक राहील आणि पत्रा खाल्ला जाईल. भोकं पाडून, काठ अर्धा मिमी गोल करून मग कोटिंग करा. प्रत्येक स्क्रूला कॉलरचा नायलॉन वॉशर द्या, म्हणजे दांडाही भोकाला टेकणार नाही. त्यावर ३१६ वापरा. त्यातल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनममुळे मिठातल्या क्लोराइडने पडणारे खड्डे बरेच कमी होतात.

खरेदीबाबत एक. बाजारात 'स्टील' म्हणून २०२ सर्रास मिळतं. चुंबक लावून २०२, ३०४ आणि ३१६ यांत फरक कळत नाही, तिन्ही जवळजवळ चिकटत नाहीत. स्टील बनवणाऱ्या कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि मॉलिब्डेनम तपासायच्या थेंबाचं किट जवळ ठेवा. माल कुडाळ किंवा मिरजोळे एमआयडीसीतून करून घेत असाल तर प्रत्येक लॉटमधला एक तुकडा तपासायचा, सोडायचा नाही.

स्टँडच्या एमएस पाइपची दोन्ही टोकं वेल्डिंगने बंद असतील तर कोटिंगआधीच्या टाक्यांतलं पाणी आत अडकतं आणि पाइप आतून कुजतो. सर्वांत खालच्या जागी सहा मिमीचं भोक ठेवा. झिंकचा इपॉक्सी प्रायमर, त्यावर ६० ते ८० मायक्रॉन पावडर. चाकांची घरं नायलॉनची, आस स्टीलचा.

गॅस्केट_पाटील:
माझ्या मते सरळ आयपी६५ करावं. सिलिकॉनचं गॅस्केट, २५ ते ३० टक्के दाब, स्क्रू गॅस्केटच्या रेषेबाहेर, केबलला ग्लँड (भोक घट्ट बंद करणारी बूच). हवाच आत गेली नाही तर मीठ कुठून जाणार? पंखा काढावा लागेल, तेवढंच.

बाष्पमोजणी:
पाटीलसाहेब, गॅस्केटचे आकडे आणि स्क्रू बाहेर ठेवण्याचं बरोबर आहे, पण 'हवा आत जाणार नाही' हे इथे टिकत नाही. सहा लिटरचं खोकं ५५ अंशांवरून रात्री २७ वर आलं की आतली हवा साडेआठ टक्क्यांनी आकसते. म्हणजे अर्धा लिटर हवा ओढायला जोर लावते आणि ती गॅस्केटच्या सर्वांत कच्च्या जागेतून किंवा केबलच्या तारांमधून आत येते. कोकणातल्या रात्रीच्या त्या अर्ध्या लिटरमध्ये दहा-बारा मिलिग्रॅम पाणी असतं. आलेलं पाणी थंड कोपऱ्यात बसतं आणि सगळं परत जात नाही. आयपी६५ ची चाचणी पाण्याच्या फवाऱ्याची आहे, या श्वासाची नाही. सिलिका जेलची पुडी आठवड्यात भरते, तिच्यावर विसंबू नका.

आणि ठार बंद कप्प्यात आणखी एक घात होतो: गॅस्केट, गोंद, कोटिंग यांतून निघणारी वाफ निळ्या एलईडीच्या सिलिकॉन भिंगावर बसते, निळ्या प्रकाशाच्या ऊर्जेने तपकिरी होते आणि प्रकाश घटतो. म्हणून श्वास घ्यायची जागा आपणच द्यायची. एम१२ आकाराचा पीटीएफई (टेफ्लॉन) पडद्याचा व्हेंट बाजूला, तोंड खाली करून, पुसायचं फडकं थेट लागणार नाही असा. हवा जाते, पाणी आणि मिठाचा तुषार अडतो. बाष्प मात्र जातंच, तेव्हा सर्किट बोर्डावरचा फ्लक्स नीट धुऊन ॲक्रिलिक कोटिंग ३० ते ७५ मायक्रॉन लावा आणि अतिनील दिव्याखाली तपासा. कनेक्टरच्या पायांशी ते हमखास सुटतं. एलईडीच्या भिंगावर ते चढू देऊ नका.

पण मी याच्याही आधी २३० व्होल्ट डोक्यातून बाहेर काढेन. जांभ्या दगडावर, विशेषतः एप्रिल-मेमध्ये जमीन सुकते तेव्हा चांगलं अर्थिंग मिळवणं कठीण, आणि रुग्णालयाच्या अर्थिंगवर तुमच्या यंत्राची सुरक्षा उभी राहू नये. वर्ग दोनचा, म्हणजे अर्थ न लागणारा, २४ व्होल्टचा वैद्यकीय ॲडॉप्टर घ्या, ज्यात रुग्णसंरक्षणाचे दोन टप्पे आहेत. आयईसी ६०६०१-१ या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या मानकाप्रमाणे २३० व्होल्टला तिथे ८ मिमी पृष्ठांतर (पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर) आणि ५ मिमी हवेतलं अंतर लागतं. ते काम ॲडॉप्टरवाल्याने आधीच करून तपासून घेतलेलं असतं. डोक्यात फक्त २४ व्होल्ट उरले की खारावारा म्हणतात तसे नायलॉन वॉशर बिनधास्त लावता येतात. मेन्स (२३० व्होल्ट) आत ठेवलात तर प्रत्येक पत्रा अर्थला ०.१ ओहमच्या आत जोडलेला दाखवावा लागेल आणि वॉशर नेमका त्याच्या आड येईल.

ॲडॉप्टर जमिनीवर लोळू देऊ नका, लादी पुसताना भिजतो. स्टँडवर गुडघ्याच्या वर पक्का बसवा. पंख्याऐवजी ॲनोडाइज केलेला हीटसिंक हेच डोक्याचं झाकण करा. पात्यांमध्ये ८-१० मिमी जागा ठेवा म्हणजे ब्रश शिरेल, आणि थोडा उतार द्या.

वॉर्डातला_बायोमेड:
तडे आणि कीपॅडबद्दल लिहितो, कारण तिथे दोषी समुद्र नाही, फडकं आहे. वॉर्डात एक टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं पाणी) आणि स्पिरिट, दोन्ही रोज फिरतात. पॉलिकार्बोनेटला ताण असेल तिथे अशी रसायनं तडे पाडतात, आणि सर्वाधिक ताण स्क्रूच्या भोकाशी. स्क्रू सुटू नये म्हणून धाग्याला लॉकिंग द्रव लावला असेल तर तोही पॉलिकार्बोनेट फोडतो, नमुन्यात हे तपासाच. पॅनेलला भोकंच नकोत: चारही बाजूंनी चौकटीत, सिलिकॉनच्या पट्टीत मोकळं धरा. पॅनेल मशीनवर कापलेलं असेल तर १२० अंशांच्या आसपास भट्टीत ताण काढून घ्या.

हायपोक्लोराइटने स्टीललाही खड्डे पडतात. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसायचं असतं, पण घाईत ते राहतं. हे शिकवून सुटेल असं धरू नका. जिथे द्रव साठेल अशी फट, पायरी, खोल लिहिलेलं अक्षर काहीच ठेवू नका, कोपरे तीन मिमी गोल करा. सिस्टरताईंना एका हाताने, बाळ न हलवता पुसता आलं पाहिजे.

कीपॅडचं एक बटण सोलून भिंगाखाली बघा. चांदीच्या शाईच्या दोन रेषांमध्ये काळपट, नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसेल. ओलावा आणि सतत डीसी व्होल्टेज मिळालं की चांदी एका रेषेकडून दुसरीकडे सरकते आणि बटण आपोआप लागतं. ओलावा शिरतो तो बहुधा कडेने आणि शेपटीच्या (कीपॅडमधून बाहेर येणाऱ्या जोडपट्टीच्या) फटीतून. वरचा थर पॉलिकार्बोनेटऐवजी पॉलिस्टरचा घ्या, रेषांवर कार्बनचा थर मागा, कडेला किमान पाच मिमी चिकटपट्टी ठेवा, आणि बटणांना व्होल्टेज वाचनाच्या क्षणापुरतंच द्या.

३५ चे २४ का झाले ते तीन मोजण्यांत कळेल: आहे तसं, पॅनेल दोन्ही बाजूंनी धुऊन, आणि पॅनेल काढून. धुतल्यावर वाढलं तर दोष मळाच्या थराचा. काढल्यावरच वाढलं तर पॅनेल पिवळं पडलंय. तरीही नाही तर एलईडी किंवा त्यांची उष्णता. मीटर आणि अंतर तेच ठेवा. मधोमध एकच बिंदू मोजू नका: ६० × ३० सेंमी जागेत दर दहा सेंमीला मोजा. सर्वांत कमी भागिले सर्वांत जास्त हे ०.४ च्या वर असलं पाहिजे, आयईसी ६०६०१-२-५० तेच मागतं.

निळादिवा:
तिन्ही मोजण्या केल्या. आहे तसं २४, धुऊन २७, पॅनेलशिवाय ३४. कोऱ्या पॅनेलने जेमतेम ८-९ टक्के जातात, म्हणजे मुख्यतः पॅनेलच पिवळं पडलंय. भोकं नसलेली चौकट आणि २४ व्होल्टचं डोकं नक्की करतो. हे सगळे बदल परवान्याआधी करावेत की नंतर? आणि मिठाच्या फवाऱ्याची चाचणी किती तास?

बाष्पमोजणी:
आधीच. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ च्या सहाव्या अनुसूचीत बांधणीचं मटेरियल बदलणं हा मोठा बदल आहे, परवान्यानंतर त्याला पूर्वमंजुरी लागते. तोवर तपासणीपुरते थोडे नग एमडी-१२ फॉर्मने अर्ज करून, एमडी-१३ परवाना मिळवून बनवा. बाळांवर वापरून पाहायचं तर नैतिकता समितीची मंजुरी वेगळी. उपकरणाचा वर्ग केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या (सीडीएससीओ) यादीत पाहा: ए आणि बी असेल तर एमडी-३ अर्ज राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, सी आणि डी असेल तर एमडी-७ केंद्राकडे.

फवाऱ्याची चाचणी (५ टक्के मीठ, ३५ अंश) दोन कोटिंगची तुलना करायला चांगली, पण तास मोजून वर्षं काढता येत नाहीत. त्यात नमुना सतत ओला असतो, इथे रोज ओला-सुका होतो. ओल्या-सुक्या चक्राची चाचणी करा. शिवाय जोडणीसकट तुकडे, म्हणजे पत्रा, वॉशर, स्क्रू आणि पॅनेलची पट्टी, देवगडला गच्चीखाली पाऊस न लागेल असे मे महिन्यातच टांगा. पाऊस मीठ धुऊन टाकतो, म्हणून आडोसाच जास्त कठोर. पॅनेलची एक पट्टी पृष्ठभाग एक टक्का ताणला जाईल अशी वाकवून, वर हायपोक्लोराइटचं फडकं ठेवून सात दिवस बघा. दिवसातून तीनदा पुसणं धरलं तर पाच वर्षांत सुमारे साडेपाच हजार वेळा होतं, त्यासाठी मोटर लावलेला जिग (पुसण्याची चाचणी करणारी चौकट) करून घ्या आणि लेबलही त्याच जिगवर चढवा.

वॉर्डातला_बायोमेड:
लेबलसाठी ६०६०१-१ ची चाचणी म्हणजे पाणी, इथेनॉल आणि आयसोप्रोपिल, प्रत्येकी १५ सेकंद घासणं. त्यात हायपोक्लोराइट नाही, ते तुम्ही स्वतः जोडा. सिरियल नंबर पुसला गेला की दुरुस्तीची नोंद कुठल्या युनिटची हेच कळेनासं होतं.